कळवळा येतो, पाय का उचलत नाही?

सुकेळी (रविवार, रात्री 9:40)

आज सकाळी साडेसातच्या मिस्सेला गेले होते. उपवासकाळ चालू आहे, चर्च भरलेलं. फादरांनी प्रवचनात चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला, म्हणजे येशूने सांगितलेली ती गोष्ट. लहानपणापासून शंभरदा ऐकलाय. यरुशलेमहून यरीहोला निघालेला माणूस लुटारूंच्या हाती सापडतो, अर्धमेला पडतो. याजक येतो, बघतो, पलीकडून निघून जातो. लेवी (मंदिरातला सेवक) येतो, तोही तसाच. आणि ज्यांच्याशी यहुदी लोक उठबसही ठेवत नसत त्यांच्यातला एक शोमरोनी थांबतो. यंदा का कोण जाणे, ऐकता ऐकता डोळे भरून आले. शेजारच्या बाईने रुमाल दिला.

मग स्कूटर काढली आणि निघाले. आमच्या आळीच्या तोंडाशी एक मावशी एकटी राहते. (नात्याची नाही, सगळी आळीच तिला मावशी म्हणते.) ऐंशीच्या पुढची. मुलगा-सून कॅनडात. गेल्या पावसाळ्यात अंगणात पडली, तेव्हापासून चर्चलाही येत नाही. पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊन जातात, तेवढंच. तिच्या खिडकीचा पडदा हलला. मला दिसला. हात ब्रेकवर गेलासुद्धा. पण आमच्याकडे ठरलेल्या वारीच नऊला पाणी येतं, जेमतेम पाऊण तास. मी निघून गेले. पलीकडून.

पैसे द्यायला मी मागे नाही. गरीब निधीच्या पेटीत टाकते, नाताळात सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या मंडळींकडे धान्य देते, कोविडमध्ये डबे केले होते. देता येतं, जाता येत नाही. गेलं तर काय बोलायचं, किती वेळ बसायचं, तिने रडायला सुरुवात केली तर काय करायचं, आणि एकदा गेलं की दर आठवड्याला जावं लागेल, हे सगळं डोक्यात येतं. खरं सांगायचं तर हे शेवटचंच जास्त येतं.

इथे सगळ्या धर्मांचे आणि बिनधर्माचे लोक आहेत. तुम्ही काय करता?

खडूस_काका (रविवार, रात्री 9:52)

वसई-विरारमध्ये पाण्याची वेळ ही देवाचीच वेळ. देव समजून घेईल. मी नालासोपाऱ्यात तीस वर्षं काढलीत, मी तर नक्की समजून घेतो.

नगरी_नग (रविवार, रात्री 10:30)

धागा आवडला. आम्ही नगरचे, प्रॉटेस्टंट, आजोबा पाळक. आजी रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात टाकायची. शनिवारी तो डबा घेऊन स्वतः निघायची. कोणाकडे जायची ते आजोबांनाही सांगायची नाही. आजोबा व्यासपीठावरून बायबलातल्या याकोबाच्या पत्रावर बोलायचे, की उघड्यावाघड्या भुकेल्या माणसाला 'सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा' असं नुसतं तोंडाने म्हणून वाटेला लावलं तर उपयोग काय. आजी मागच्या बाकावर बसून पदराआड हसायची. आजोबांना कधी साधा चहा करता आला नाही, हे तिचं म्हणणं.

बदलीवाला (रविवार, रात्री 11:05)

नगरी_नग, तुमच्या आजीच्या मुठीवरून आठवलं. बँकेच्या नोकरीत तीन वर्षं आयझॉलला होतो. तिथे मिझो घरांत भात टाकताना प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. 'बुहफाई थाम' म्हणतात त्याला. 1910 च्या सुमारास सुरू झालेली पद्धत, अजून चालू. चर्चचे लोक घरोघरी फिरून ते तांदूळ गोळा करतात, विकतात आणि त्यावर केवढा तरी कारभार चालतो. माझ्या घरमालकिणीने मलाही डबा दिला होता. मी कुकर लावायचो, त्यामुळे मूठ कधी काढायची तेच विसरायचो.

पण बाईंचा प्रश्न देण्याचा नाहीच. तांदूळ बाजूला काढताना आपण स्वयंपाकघरातच असतो, उंबरा ओलांडावा लागत नाही.

निरीश्वर (सोमवार, सकाळी 8:15)

एक साधा प्रश्न. म्हाताऱ्या शेजारणीकडे जायला ख्रिस्ती दृष्टिकोन कशाला हवा? माणूस म्हणून गेलात तर नाही चालणार? मी कुठल्याच देवाला मानत नाही, तरी सोसायटीतल्या तिघा ज्येष्ठांची बँकेची कामं करतो.

सुकेळी (सोमवार, सकाळी 8:40)

निरीश्वर, चालेल की. पण तुम्ही जाता आणि मी जात नाही. मी दर रविवारी ऐकून जात नाही, हा माझा प्रॉब्लेम आहे. :)

आकडेमोड (सोमवार, दुपारी 1:20)

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयात, म्हणजे जिथे उद्याचे पाळक तयार होतात तिथे, डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 40 विद्यार्थ्यांवर केला. निष्कर्ष 1973 साली छापून आले. विद्यार्थ्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण करायचंय. काहींना विषय दिला होता हाच, चांगला शोमरोनी. वाटेत एका दारात एक माणूस मान टाकून खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. थांबतं कोण ते बघायचं.

ज्यांना 'अजून वेळ आहे, सावकाश जा' सांगितलं होतं त्यांतले 63 टक्के थांबले. ज्यांना 'वेळ होतच आलीय' सांगितलं होतं त्यांतले 45 टक्के. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' सांगितलं होतं त्यांतले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय शोमरोन्याचा होता की दुसरा, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले.

तेव्हा सुकेळीताई, तुमचा कळवळा खोटा होता असं मला वाटत नाही. तुम्ही त्या 'पळा' गटात होतात.

खडूस_काका (सोमवार, दुपारी 1:31)

म्हणजे नळ चोवीस तास चालू राहिला तर आमच्याकडे संतांची पैदास वाढेल. महापालिकेकडे अर्ज करतो.

शब्दखोर (सोमवार, संध्याकाळी 6:10)

अवांतर आहे, पण राहवत नाही. शोमरोन्याला 'कळवळा आला' असं मराठी शुभवर्तमानात आहे. तिथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे ते 'स्प्लाँख्ना' या शब्दावरून आलंय, आणि स्प्लाँख्ना म्हणजे आतडी, पोटातले अवयव. येशूच्याच दुसऱ्या दाखल्यात उधळ्या पुत्राचा बाप परत येणाऱ्या पोराला दुरून बघतो तिथेही तोच शब्द. आपल्याकडे 'आतडं तुटतं', 'पोटात कालवतं' म्हणतात ते अगदी नेमकं आहे. दयेचा उगम ग्रीकांनाही पोटातच सापडला, फक्त आपण त्यावर लगेच चहा टाकतो आणि ते शांत होतं.

नगरी_नग (सोमवार, संध्याकाळी 6:45)

शेवटच्या वाक्याला दंडवत.

तिखटजाळ (सोमवार, रात्री 9:00)

सगळं गोडगोड चाललंय म्हणून थोडं मीठ-मिरची टाकतो. आमच्या तालुक्यात पाड्यावर सेवा करायला येणारे लोक मी पाहिलेत. आधी गोळ्या-औषधं, मग पत्रक, मग प्रार्थनेचं आमंत्रण. आजारी माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. त्याला करुणा म्हणायचं? मला तो व्यवहार वाटतो. ख्रिस्ती दृष्टिकोनातून दया म्हटलं की पहिला हाच प्रश्न येतो आणि धाग्यात कोणी त्याला हात लावला नाही.

निरीश्वर (सोमवार, रात्री 9:12)

+१. मला हेच विचारायचं होतं, सभ्यपणा आडवा आला.

भक्त_पुंडलिक (सोमवार, रात्री 9:20)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नगरी_नग (सोमवार, रात्री 11:40)

तिखटजाळ, प्रश्न टाळत नाही. असं होतं. मीही पाहिलंय आणि मला ते आवडत नाही. आमच्याच मंडळीत यावरून भांडणं झाली आहेत.

हा वाद आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करणार नाही, असं ठरलेलं होतं. पण बाई स्वतः पहाटे दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली येऊन बसू लागल्या. सदन तोवर पुण्याला हललं होतं, तिथे 1893 मध्ये गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी, जी बाईंच्या बाजूची होती, तीही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. कित्येक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. चूक कोणाची यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत.

पण त्याच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः गेल्या. तिथून उपाशी बायका-पोरींना घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. स्वतःचे आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच उपासमारीत गमावले होते. शब्दखोर म्हणतात ते आतडं ते हेच असावं. केडगावला आलेल्या पुष्कळ जणी पुढे ख्रिस्ती झाल्या, हे खरं. त्या रस्त्यावर मेल्या नाहीत, हेही खरं. मला ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणावी लागतात.

कंपाउंडरचा_नातू (मंगळवार, सकाळी 7:30)

मी मिरजेचा, हिंदू. आजोबा मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. डॉ. वानलेस यांनी 1894 साली ते काढलं. वानलेसवाडी हे गावाचं नाव त्यांच्यावरूनच. आजोबा गळ्यात तुळशीची माळ घालून ड्यूटीला जायचे, कोणी काढ म्हटलं नाही. घरी येऊन मात्र आंघोळ केल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत, कारण आजीचा धाक. ते सांगायचे, जखमेची घाण काढायला वॉर्डबॉय नाक मुरडायचा तेव्हा नर्स बाई काही न बोलता स्वतः बसायच्या. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉय बसायचा. धर्म बदलला नाही आमच्याकडे कोणी, पण आजोबांनी म्हातारपणी शेजारच्या लकवा झालेल्या माणसाला दोन वर्षं दाढी करून दिली. ते कुठून आलं ते आम्हाला माहीत आहे.

शब्दखोर (मंगळवार, सकाळी 9:05)

तिखटजाळ यांच्या मुद्द्याला दाखल्यातच उत्तर आहे, फक्त प्रवचनात ते कोणी सांगत नाही. शोमरोनी लोकांची उपासनेची जागा वेगळी होती, गरिज्जीम डोंगर. यहुद्यांची यरुशलेम. भांडणाचं मोठं कारण तेच. हा शोमरोनी जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर बघतो. सकाळी दोन दिनार काढून देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. या सगळ्यात एकदाही 'बरा झालास की आमच्या डोंगरावर ये' म्हणत नाही. त्याचं नावही जखमी माणसाला कळत नाही.

तिखटजाळ (मंगळवार, सकाळी 9:30)

हे माहीत नव्हतं. ठीक आहे. पाड्यावरच्या लोकांना हे कोणीतरी सांगा.

संपादक (मंगळवार, सकाळी 10:00)

चर्चा चांगली चालली आहे. धर्मांतर या विषयावर स्वतंत्र धागा काढता येईल, इथे मूळ प्रश्नावर राहू या. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

भक्त_पुंडलिक (मंगळवार, सकाळी 10:04)

पॉपकॉर्न वाया.

हायवे_हणम्या (मंगळवार, दुपारी 3:15)

मी अहमदाबाद हायवेवर ट्रान्सपोर्टचं काम बघतो. पूर्वी अपघात दिसला की ड्रायव्हर गाडी पळवायचे. माणसं वाईट नव्हती, पोलीस चौकी आणि कोर्टाच्या तारखांची भीती. 2016 साली सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला छळू नका म्हणून मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्का मारला आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. मदत करणाऱ्याने नाव सांगायलाच हवं अशी सक्ती नाही, जखमीला काही झालं तर त्याच्यावर खटला नाही. कायद्यात शब्द काय वापरलाय? 'गुड समॅरिटन'! तुमचा शोमरोनीच. 2021 मध्ये पाच हजारांचं बक्षीस सुरू झालं, आता ते 25 हजार केलंय.

मी ड्रायव्हर लोकांना हे सगळं सांगतो. एकाने विचारलं, 'साहेब, तो समॅरिटन कोणत्या राज्याचा?'

खडूस_काका (मंगळवार, दुपारी 3:22)

मूळ समॅरिटनचे दोन दिनार खिशातून गेले आणि आमच्याला 25 हजार मिळणार. प्रगती म्हणतात ती हीच.

काळा_कोट (मंगळवार, रात्री 10:20)

मी वकील आहे, फौजदारी बाजूला काम करतो. ख्रिस्ती. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातली दयेची कामं मला लहानपणी पाठ करायला लावली होती: भुकेल्याला खायला, तान्हेल्याला प्यायला, परक्याला घरात, उघड्याला कपडा, आजाऱ्याला भेट, कैद्याला भेट. (मेलेल्याला माती देणं हे सातवं चर्चने जोडलं. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीची काळजी घेणंही यात धरा असं सुचवलं.)

नीट बघा, पहिल्या चारांत काहीतरी द्यायचं आहे. शेवटच्या दोनांत नुसतं जायचं आहे. 'मी आजारी होतो आणि तुम्ही मला बरं केलंत' असं तिथे म्हटलेलं नाही. 'कैदेत होतो आणि सोडवलंत' असंही नाही. आलात, एवढंच.

तुरुंगात मी कच्चे कैदी बघतो. जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार नाही आणि पंधरा हजार रोख भरायला नाहीत, म्हणून आत. महिनोन्‌महिने मुलाकातीला कोणी आलेलं नसतं. एक बाई आहेत, निवृत्त शिक्षिका, आमच्याच चर्चच्या. महिन्यातून दोनदा येतात. कायदा कळत नाही, पैसे नाहीत. घरी पोस्टकार्ड लिहून देतात. एका पोराने मला विचारलं, 'त्या टीचर या वेळी का नाही आल्या?' मी त्याचा जामीन करून दिला होता. माझ्याबद्दल त्याने कधी असं विचारलं नाही.

शब्दखोर (मंगळवार, रात्री 10:41)

आणि मराठी बायबलात आजाऱ्याच्या बाबतीत शब्द 'समाचार'. समाचाराला जाणं आणि समाचार घेणं. आमच्या आत्या दोन्ही एकाच फेरीत उरकतात.

पलंगावरून (बुधवार, पहाटे 2:50)

मी सहसा नुसतं वाचते. मणक्याच्या ऑपरेशननंतर आठ महिने अंथरुणावर होते, म्हणून दुसरी बाजू सांगते.

लोक आले. पुष्कळ आले. पलंगाभोवती उभे राहून मोठ्याने प्रार्थना केली, डोक्यावर हात ठेवले. एका गटाने फोटोही काढला आणि ग्रुपवर टाकला, मी त्यात नाइटीवर आहे. 'देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच दुःख देतो' हे मला सात जणांनी सांगितलं. मी मोजत होते, दुसरं काम नव्हतं. स्वयंपाकघरात बेसिनमध्ये भांडी होती. नवरा कामावर, मुलगी शाळेत. पाणी प्यायला आत गेलेल्यांना ती दिसली असणारच.

एक दूरचे काका आले. त्यांना बोलायला येत नाही, कायमच. अर्धा तास गप्प बसले. मग विचारलं, 'नळ गळतोय का?' रात्रभर ते टपटप ऐकून मला वेड लागायची पाळी आली होती. दुसऱ्या दिवशी वॉशर आणि पाना घेऊन आले आणि बसवून गेले. प्रार्थना केली नाही. निदान मला ऐकू येईल अशी नाही.

सुकेळी, काय बोलायचं याची काळजी करू नका.

निरीश्वर (बुधवार, सकाळी 8:00)

हा प्रतिसाद प्रिंट काढून सोसायटीच्या बोर्डावर लावणार आहे. परवानगी?

पलंगावरून (बुधवार, सकाळी 11:15)

नाइटीचा उल्लेख गाळून लावा.

रात्रपाळी (बुधवार, दुपारी 4:30)

नर्स आहे, वीस वर्षं. थोडं कामाचं सांगते. 'काय हवं असेल तर सांगा' म्हणू नका. म्हातारी माणसं सांगत नाहीत, लाजतात. त्यापेक्षा दिसेल ते विचारा. पायाची नखं कोण कापून देतं? गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापाव्या लागतात का? सिलिंडर बदलायला कोण येतं? पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. ती रडली तर रडू दे, पाण्याचा ग्लास शोधायला उठू नका, तो पळ काढण्याचा बहाणा असतो हे आम्हा नर्सना चांगलं माहीत आहे. आणि निघताना 'येईन कधीतरी' न म्हणता वार सांगा. वार सांगितला की ती वार धरून बसते, मग चुकवायचा नाही. दर आठवड्याला जमणार नसेल तर पंधरा दिवसांनी सांगा. खोटा वार सांगण्यापेक्षा ते बरं.

टोरांटोचा_टग्या (बुधवार, रात्री 9:10)

कॅनडात राहणारा मुलगा म्हणून लिहितोय. त्या मावशींचा नाही, दुसऱ्या कोणाचा तरी. आईला रोज व्हिडिओ कॉल करतो, ती रोज 'बरं आहे' म्हणते. पडदा कधी हलतो ते कॅमेऱ्यात दिसत नाही. कोणी स्कूटर थांबवत असेल तर त्याचं नावही मला कळणार नाही. असो. धागा वाचून आज दोनदा फोन केला. आई म्हणाली, 'काय रे, नोकरी गेली का?'

सुकेळी (शुक्रवार, रात्री 8:20)

गेले काल. चार दिवस तुमचं वाचून लाज वाटली म्हणून गेले, मोठा आव आणत नाही.

दार लोटलेलंच होतं. मावशीने मला बघितलं आणि घाबरून विचारलं, 'कोण गेलं?' (कादोडीत, म्हणजे आमच्या वसईच्या बोलीत म्हणाली, मी मराठीत लिहितेय.) तिच्याकडे अवेळी कोणी आलं की मयताची बातमी घेऊनच येतं. मी म्हटलं, कोणी नाही, सहजच. तिचा विश्वास बसेना. दोनदा परत विचारलं. मग समाचार घेतला, शब्दखोर म्हणतात त्या दुसऱ्या अर्थाने. मी जाडी झालेय, माझ्या सासूचं वर्षश्राद्धाचं मिस्सा सांगायचं राहिलंय, माझी मुलगी केस मोकळे सोडून फिरते. पंचवीस मिनिटं. मी एक शब्द बोलले नाही आणि तो लागलाही नाही.

सुकेळी घेऊन गेले होते. (होय, म्हणूनच हे नाव, आमच्याकडे केळी वाळवतात.) तिला दात नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिने एक तुकडा तोंडात घोळवत ठेवला आणि बाकीची डब्यात बंद केली, पाहुण्यांसाठी. निघताना वार सांगितला: मंगळवार.

आणि आता लक्षात आलं, मंगळवार पाण्याचा दिवस आहे. आमच्याकडे नऊ म्हणजे नऊ. आता काय करू? वार बदलला तर चालेल?

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री 8:31)

नाही.

खडूस_काका (शुक्रवार, रात्री 8:35)

संध्याकाळी जा की. दाखल्यात वेळ दिलेली नाही.

हरित_नाना (शुक्रवार, रात्री 9:50)

पाण्याचा विषय इतक्या वेळा निघाला म्हणून लिहितो. आम्ही लहान असताना वसईच्या प्रत्येक वाडीत विहीर आणि शेजारी बावखल (गोड्या पाण्याचं छोटं तळं) असायचं. नळाची वाट बघायची पाळी कोणावर नव्हती. मग टँकर विहिरी उपसू लागले. फादर दिब्रिटो तेव्हा हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरले. लोक त्यांना विचारायचे, फादरांनी चर्च सोडून पाण्यात कशाला पडावं? आज माझ्या गावातली दोन बावखलं बुजवून त्यावर इमारती आहेत आणि आपण करुणेला नऊची वेळ गैरसोयीची होते म्हणून चर्चा करतोय. मावशीकडे जरूर जा. पण ही वेळ आली कशी तेही कधीतरी विचारा.

निरीश्वर (शुक्रवार, रात्री 10:15)

नानांशी सहमत. तरी मंगळवार चार दिवसांवर आलाय, बावखल तोवर खणून होणार नाही.

शेवग्याची_शेंग (शनिवार, सकाळी 6:50)

मला एक कळत नाहीये. तुमच्या नळाला नऊला पाणी येतं. मावशी त्याच आळीत राहते. म्हणजे तिच्या नळालाही नऊलाच येत असणार. ती ऐंशीची, पडलेली. तिचं पाणी कोण भरतं?

आकडेमोड (शनिवार, सकाळी 7:20)

इतके दिवस, इतके शहाणे, आणि हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्यासकट.

सुकेळी (मंगळवार, सकाळी 8:25)

शेवग्याची_शेंग, तुझा प्रश्न वाचून फोन उलटा ठेवून दिला होता. दोन दिवस इथे आले नाही.

रविवारी मिस्सेनंतर नऊच्या आत गेले. कोणी भरत नाही. नळ बाहेर, खिडकीच्या खाली आहे. ती खुर्ची टाकून बसते, नळाखाली छोटी बादली, त्यातून तांब्याने हंड्यात, हंडा भरला की तसाच जमिनीवरून सरकवत उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावरून आत परत तांब्या-तांब्याने. पाऊण तासात दीड हंडा होतो. दोन दिवस त्यात काढते. पूर्वी मागच्या घरातला पोरगा भरून द्यायचा, तो जानेवारीत कामाला पुण्याला गेला.

त्या दिवशी पडदा हलला होता तो मला बघून हलला असेल असं मी धरून चालले होते. ती नळाकडे बघत होती.

आता निघतेय. आज आधी तिथलं पिंप भरणार. आमच्या पिंपाजवळ नवऱ्याला उभं केलंय, कामावर उशिरा जाईन म्हणालाय, तोंड वाकडं करून.

खडूस_काका (मंगळवार, सकाळी 8:29)

नवऱ्यांवरच्या करुणेचा वेगळा धागा काढावा ही संपादकांना विनंती.

सुकेळी (मंगळवार, सकाळी 10:10)

पिंप भरलं. पाठ मोडली. मावशी म्हणाली, पाइप नीट धरता येत नाही तुला.

काका, तुम्ही नालासोपाऱ्याचे ना? तिचा नळ खालून गळतोय, निम्मं पाणी तिथेच जातं. आळीतला प्लंबर दोन आठवडे 'येतो' म्हणतोय.

खडूस_काका (मंगळवार, सकाळी 10:26)

अर्धा इंची आहे की पाऊण?

सुकेळी (मंगळवार, सकाळी 10:27)

मला काय कळतंय त्यातलं. फोटो पाठवते.